सव्वा महिना आणि तीन जोड बूट

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तेव्हा तिच्या सामानातून काय काय निघणार याचा प्रत्येक घराला साधारण अंदाज असतो. सैल गाऊन, डॉक्टरांची फाइल, सासूबाईंनी आठवणीने दिलेला लोणच्याचा डबा. आमच्या लेकीच्या बॅगेतून हे सगळे निघालेच, शिवाय तीन जोड बूट निघाले. सातवा महिना लागलेला. माझ्या आईने चष्मा पुसला, बूट ओळीने मोजले आणि विचारले, "जावईबापू बी आल्यात व्हय?"

"नाही गं आजी, माझेच आहेत सगळे."

"आगं, मग पाय किती हायत तुला?"

लेकीने समजावून सांगितले. एक जोड डोंगराचा, एक डांबरी रस्त्याचा, आणि एक पाय सुजले तर असू दे म्हणून अर्धा नंबर मोठा. तिसऱ्या जोडाचे कारण आईला पटले. या दिवसांत पाय सुजतात हे तिला ठाऊक होते. सुजलेल्या पायांनी पळायचेही असते, ही माहिती नवीन होती.

आमचे घर साताऱ्यात, यवतेश्वरचा घाट लागायच्या जरा अलीकडे. पावसाळा सरत आला की इथे अर्धमॅरेथॉन होते. 21 किलोमीटर, जाताना चढ, येताना उतार. मी स्वतः जन्मभर पळालो तो सुटत्या एसटीमागे, आणि तीही बहुतेक वेळा चुकलीच. पण शर्यतीच्या दिवशी फाटकापाशी टेबल मांडून लिंबूपाणी आणि मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी वाटण्याचे काम मी न चुकता करतो. लेक तीनदा ही शर्यत पळाली आणि तिन्ही वेळा माझ्या टेबलाकडे हात हलवून पुढे निघून गेली. "थांबले की लय बिघडते हो बाबा," असे तिचे म्हणणे. पोटच्या पोरीने पाणी नाकारल्याचे दुःख मी इतरांना दोन-दोन फोडी जास्त देऊन गिळतो.

बूट पाहिल्यावर घरात तीन पक्ष पडले. आईचा पक्ष जुना आणि ठाम: आता पाय वर करून पडायचे, आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना खोलीबाहेर यायचे नाही. लेकीचा पक्ष: डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, आधीपासून सवय असलेलीने झेपेल तेवढे चालू ठेवावे, नवे धाडस तेवढे करू नये. हिचा पक्ष रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या निरोपांप्रमाणे बदले. सोमवारी पपई वर्ज्य, मंगळवारी जिना वर्ज्य, बुधवारी जिना उत्तम. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. तिन्ही पक्षांना "बघू" एवढेच म्हणत होतो.

चौथा पक्ष लेकीच्या मनगटावर होता. ते घड्याळ वेळ सोडून सगळे सांगते. झोप किती झाली, हृदय किती वेळा धडधडले, दम किती शिल्लक आहे. पहाटे ऊन चढायच्या आत लेक तीनेक किलोमीटर कधी चालत, कधी हळू पळत जाऊन आली की घड्याळ आपला निकाल देई. एक दिवस ती पायरीवर बसून मोठ्याने हसत सुटली. घड्याळावर एकच इंग्रजी शब्द आला होता: अनप्रॉडक्टिव्ह.

"म्हंजी काय?" आईने विचारले.

"म्हणजे माझ्याकडून काही निष्पन्न होत नाहीये, असं म्हणतंय."

आईने आधी तिच्या पोटाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिले. "आंधळं हाय जणू," ती म्हणाली.

घड्याळाचे हिशेब त्याच्यापुरते बरोबर होते. गरोदरपणात अंगातले रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, बसल्या जागीसुद्धा हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीस जास्त पडतात. तेवढाच रस्ता, पण इंजिनाला जास्त काम; यंत्राला वाटते की गाडी बिघडली. गाडीत आणखी एक प्रवासी बसला आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यामुळे डॉक्टरांनी लेकीला ठोके मोजण्यापेक्षा साधी कसोटी सांगितली होती. पळताना शेजारच्याशी सलग बोलता आले पाहिजे. बोलता येईना, तर वेग कमी करायचा. आमच्या घरात या कसोटीत कुणी नापास होण्याची शक्यता नव्हती.

ठोक्यांचे कोडे मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडले होते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 1985 मध्ये नियम केला की गरोदर बाईचे ठोके व्यायामात 140 च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावा. 1994 मध्ये त्यांनीच तो ठोक्यांचा आकडा काढून टाकला. आता तीच संस्था धडधाकट गरोदर बाईने आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे म्हणते. मात्र अव्वल खेळाडूंनी पार छाती फुटेस्तोवर पळावे का, याबद्दल डॉक्टर अजून हात राखून बोलतात. नॉर्वेत सहा ऑलिंपिक दर्जाच्या गरोदर खेळाडूंना पट्ट्यावर पळवून पाहिले. ठोके कमाल मर्यादेच्या 90 टक्क्यांपलीकडे गेले तेव्हा गर्भाकडचा रक्तप्रवाह बराच घटला आणि बाळाचे ठोके मंदावले. पळणे थांबल्यावर ते पूर्ववत झाले. तात्पर्य, मध्यम जोराला हरकत नाही, शर्यतीचा जोर नको. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "येवढं पळवून बघाया कशापायी पायजे हुतं? मला इचारायचं."

नॉर्वेचे नाव निघाले म्हणून लेकीने इंग्रिड क्रिस्टिआनसेनची गोष्ट सांगितली. 1983 च्या मार्चमध्ये क्रॉस कंट्रीच्या जागतिक स्पर्धेत ही नावाजलेली धावपटू चक्क 35 वी आली. पाय जड का झाले, तिलाच कळेना. प्रशिक्षकाच्या बायकोने तिला पळताना टीव्हीवर पाहिले आणि शंका काढली की ही गरोदर तर नाही? तपासले, तर पाचवा महिना! ऑगस्टमध्ये मुलगा झाला, पुढच्या जानेवारीत तिने ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली आणि 1985 मध्ये लंडनला 2 तास 21 मिनिटे 6 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तो तेरा वर्षे टिकला. आईला विक्रमाचे काही वाटले नाही. तिला प्रशिक्षकाच्या बायकोचे कौतुक वाटले. "बाईची चाल बाईलाच कळती," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिचा पळण्याला विरोध कमी झाला असे नाही, पण गोष्टी ऐकायला ती खुर्ची जवळ ओढू लागली.

आणखी एक गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. अमेरिकेची अलिसिया मोंटॅन्यो 2014 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत 800 मीटर पळाली तेव्हा तिला 34 आठवडे झाले होते. पोट सांभाळत ती पळाली आणि प्रेक्षक उभे राहिले.

"कितवी आली?"

"तिच्या गटात शेवटची."

"एकटी धरली आसंल," आई म्हणाली. "दोघांची बेरीज कराया पायजे हुती."

आठव्या महिन्यात मात्र लेकीने आपणहून पळणे थांबवले. ओटीपोटात जडपणा वाटू लागला होता. ती चालायला लागली, पोहायला जाऊ लागली. कुणी तिला थांबवले नव्हते, म्हणूनच बहुधा तिला थांबता आले. संध्याकाळी गच्चीवरून घाटाकडे बघत ती म्हणाली, "बाबा, मॅरेथॉनमधला पस्तिसावा किलोमीटरही एवढा अवघड नसतो. तिथे निदान पुढे जायचं असतं."

मे महिन्यात नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्या आणि राज्यकारभार आईने हातात घेतला. साताऱ्यातला वैशाख, बाहेर फुफाटा, आणि बाळंतिणीच्या कानाला रुमाल. शेगडी पेटवण्याचा प्रस्ताव मात्र डॉक्टर, ही आणि लेक यांनी एकमताने फेटाळला. खाण्याच्या आघाडीवर आईचा पूर्ण विजय झाला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी. लेक लांबच्या पळण्यात खिशात जेलची पाकिटे ठेवते. एका पाकिटात शंभरएक कॅलरी आणि चव खोकल्याच्या औषधासारखी. डिंकाचा एक लाडू असली दोन-तीन पाकिटे सहज खाऊन बसतो. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज 500-600 कॅलरी जादा लागतात, हा हिशेब लेकीने मांडला, तेव्हा आईने तो लाडवांच्या भाषेत केव्हाच सोडवून ठेवलेला होता.

सव्वा महिन्याची वाट मात्र दोघीही बघत होत्या. आई वाट बघत होती ती पोरीला खोलीबाहेर काढून देवाला नेण्याची. लेकीच्या मनात वेगळेच होते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तिने दिवस खोडत आणले होते. चाळिसावा दिवस संपला की एकेचाळिसाव्याला पहाटे घाट! सव्वा महिन्याला रूढी म्हणणाऱ्या माझ्या पोरीनेच तो शर्यतीच्या तारखेसारखा धरून ठेवला होता.

त्याआधी फिजिओथेरपिस्टबाईंना दाखवायचे ठरले. आई गाडीत बसून बरोबर आली. आरामाचा कैवार घ्यायला कुणीतरी हवे म्हणून. बाईंनी तपासले, नऊ महिने ओझे पेललेल्या स्नायूंची झोळी कशी सैल झालेली असते ते चित्र काढून दाखवले. गरोदरपणात एक संप्रेरक सांध्यांचे बंध सैल करते, त्याचा परिणाम पुढेही काही महिने रेंगाळतो. पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार खाली येतो. तो झेलणारी झोळी आधी विणून घ्यावी लागते. मग त्या म्हणाल्या, "पळायचं तीन महिन्यांनंतर. बारा आठवड्यांच्या आत नाही."

खोलीत शांतता पसरली. सव्वा महिन्याच्या दुप्पट! आई एकदम ताठ बसली. जन्मात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या कुणीतरी तिला तिच्यापेक्षा जास्त कडक नियम सांगून पाठिंबा दिला होता. "मी सव्वाच म्हणत हुते बरं का," ती लेकीला म्हणाली, "मी लई सैल हाय."

पण लगेच बाईंनी दुसरे वाक्य टाकले. "पडून मात्र राहायचं नाही हं. चालणं, श्वासाचे आणि आतल्या स्नायूंचे व्यायाम, हे तर पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवे होते." आईचे ताठपण थोडे उतरले. सामना बरोबरीत सुटला.

बारा आठवड्यांनंतरही नुसती तारीख पुरत नाही, परीक्षा असते. अर्धा तास भरभर चालायचे, एका पायावर दहा सेकंद उभे राहायचे, एका पायावर दहा उठाबशा, जागच्या जागी मिनिटभर पळायचे, एका पायावर दहा उड्या. या सगळ्यात दुखले नाही, जडपणा वाटला नाही, लघवीचा थेंब गळला नाही, तर पुढे. घरी आल्यावर मी सहज म्हणून एका पायावर उभा राहिलो. सातव्या सेकंदाला मी टीव्हीच्या टेबलाला धरले. बाळंतपण न झालेल्या माणसाने उड्यांच्या भानगडीत न पडणे बरे, असे ठरवून मी खाली बसलो.

लेकीचे खरे अवघड दिवस पुढे आले. रात्री तीनला बाळाला पाजताना एका हातात मोबाइल असे आणि त्यात जगातल्या सगळ्या आया पळत असत. फेथ किप्येगॉन 2018 मध्ये आई झाली आणि नंतर टोकियोत आणि पॅरिसमध्ये 1500 मीटरची सुवर्णपदके घेऊन आली. आपली मेरी कोम 2007 मध्ये जुळ्यांची आई, 2008 मध्ये पुन्हा जगज्जेती. जास्मिन पॅरिस 2019 च्या जानेवारीत ब्रिटनच्या डोंगरांतली 268 मैलांची शर्यत 83 तासांत, सगळ्या पुरुषांच्याही पुढे राहून जिंकली, आणि वाटेतल्या थांब्यांवर चौदा महिन्यांच्या लेकीसाठी दूध काढून ठेवत गेली. एका पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर लेक रडत होती.

"पॉला रॅडक्लिफनं जानेवारीत बाळंत होऊन नोव्हेंबरात न्यूयॉर्क जिंकली, बाबा. मला जिना चढला तरी दम लागतोय."

मी काय बोलणार? पाणी दिले. दुसऱ्या दिवशी तिनेच पुढचे वाचून दाखवले. रॅडक्लिफने 2007 मध्ये बाळंतपणानंतर घाईने सराव सुरू केला होता आणि तिच्या माकडहाडाच्या वरचे हाड तडकले होते. न्यूयॉर्कचा फोटो सगळ्यांनी पाहिला, तडकलेल्या हाडाचा कुणी छापला नाही.

अशा गोष्टींची आपल्याकडे कमतरता नाही. आपली हिरकणीच बघा. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ही गवळण काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, अशी कथा आहे. लहानपणी मला ही सन्मानाचीच गोष्ट वाटे. आता वाटते, बुरूज बांधला म्हणजे कौतुकही झाले आणि वाटही बंद झाली! खेळाच्या दुनियेतही बराच काळ असेच चालले. जाहिरातीत आई, करारात कपात. अ‍ॅलिसन फेलिक्स आई होण्याच्या सुमारास बुटांच्या कंपनीने तिला 70 टक्के कमी पैसे देऊ केले, हे तिने 2019 मध्ये उघडपणे लिहिले, तेव्हा कुठे करारांत बदल झाले. आल्प्समधल्या 170 किलोमीटरच्या शर्यतीत पाय मोडला तर प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येई, गरोदर राहिले तर नाही. म्हणून सोफी पॉवर 2018 मध्ये तीन महिन्यांच्या बाळाला वाटेतल्या थांब्यावर पाजत ती शर्यत पळाली. आपल्या एसटी स्थानकांत दूध पाजायला केलेल्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. कडा उतरायला लावण्यापेक्षा दार उघडे ठेवणे बरे, हे कुणाच्या तरी लक्षात आले असणार.

हिरकणीवरून आईला माझी धाकटी बहीण आठवली. आई माणदेशातली, ज्या माण तालुक्यातून पुढे ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि माणदेशी एक्सप्रेस म्हणवली गेली, तिथली. 1972 चा दुष्काळ होता. बहीण जन्मली आणि पंधराव्या दिवशी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. बाभळीला लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीची दोरी ओढायचे काम दहा वर्षांच्या माझ्याकडे होते. मला ती दोरी अजून आठवते, तळहाताला रुतायची. आई घोटभर पाणी प्यायला यायची, पोरीला पाजायची, पुन्हा खडीवर.

"मग आजी, तू मला सव्वा महिना कुठला सांगत होतीस?" लेक म्हणाली. "तू तर पंधरा दिवसही नाही काढलेस."

आई थोडा वेळ बाळाची टाळू चोळत राहिली. "म्हून तर सांगत हुते," ती म्हणाली. "मला कुणी म्हनलंच न्हाई, की पड म्हून."

इतके दिवस मी सव्वा महिना हा आईचा नियम समजत होतो. ते तिचे राहून गेलेले देणे होते. स्वतःला मिळाले नाही ते नातीच्या पदरात घालायला ती शिवाराएवढा आग्रह धरून बसली होती. लेकीच्या सरावाच्या वहीत दर आठवड्याला एक दिवस विश्रांतीचा लिहिलेला असतो, तो चुकवला तर प्रशिक्षक ओरडतो. खडीच्या कामाला अशी वही नव्हती. सराव आणि कष्ट यांत मला कळलेला फरक एवढाच आहे.

लेकीने कपाटाच्या दारावरचा कागद काढून टाकला. पळणाऱ्या आयांना रात्री तीनला भेटणे बंद केले. घड्याळ चार्जिंगला लावले आणि बरेच दिवस तिथेच राहू दिले.

ऑगस्ट उजाडला. बारा आठवडे झाले, एका पायावरच्या उड्या पास झाल्या. घाट हिरवागार, धुके खाली उतरलेले, शर्यतीच्या तयारीची पोरे-पोरी झुंडीने वर चाललेली. मी फाटकापाशी टेबल मांडले. शर्यतीला अजून वेळ होता, पण मला राहवेना. लिंबूपाण्याचा तांब्या ठेवला, नातीला दुपट्यात गुंडाळून हातात घेतले. आई खुर्ची टाकून बसली. लेकीने अर्धा नंबर मोठे बूट चढवले. पाय काही पहिल्या मापाला परत आले नव्हते. बाईंनी सांगितले होते: एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे दहा वेळा.

ती वळणापर्यंत गेली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. मागून आलेले एक आजोबा तिला मागे टाकून गेले, आणि तिने त्यांना जाऊ दिले. नातीने माझे बोट धरले होते. अर्ध्या तासाने लेक घामाघूम होऊन परतली आणि, जन्मात पहिल्यांदा, माझ्या टेबलापाशी थांबली. दोन पेले लिंबूपाणी प्यायली. संत्री ऑगस्टात नव्हती, म्हणून मी पेरूच्या फोडी ठेवल्या होत्या. त्याही मीठ लावून खाल्ल्या.

"किती पळालीस गं?" आईने विचारले.

"एक-एक मिनिट, आजी. एकूण दहा."

आईने तिच्या पायांकडे पाहिले, मग ओसरीवरच्या उरलेल्या दोन जोडांकडे.

"धा मिंटं? आन् येवढ्यापायी तीन जोड?"

असे म्हणून तिने स्वतःची खुर्ची लेकीकडे सरकवली.